लॅपटॉपमधली दोन ग्राफिक्स: कोणतं काम कोणाला द्यायचं, आणि बॅटरी का उतरते

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप १३व्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, त्यात एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५० हे वेगळं ग्राफिक्स कार्ड, पडदा फुल एचडी, १४४ हर्ट्‌झ. तक्रारी दोन: माइनक्राफ्ट हा गेम आणि सॉलिडवर्क्स हे थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर अडखळत चालतात, विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरमधलं इंटेलचंच ग्राफिक्स वापरात दिसतं, आणि कॉलेजात प्लग मिळत नाही, बॅटरी दोन-अडीच तासांत संपते. एका व्हिडिओत सांगितलंय की डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन इंटेलचं ग्राफिक्स डिसेबल करा. करावं का?

करू नका. या लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या गोष्टी ठरत असतात आणि लोक त्यांना एकच समजतात. पहिली: एखाद्या प्रोग्रॅमचं चित्र कोणती चिप तयार करते. दुसरी: तुमच्या पडद्याची तार कोणत्या चिपला जोडलेली आहे. पहिली गोष्ट प्रोग्रॅमागणिक बदलता येते, तीही रीस्टार्ट न करता. दुसरी बदलायची तर बहुतेक वेळा लॅपटॉप बंद करून चालू करावा लागतो, आणि कित्येक लॅपटॉपमध्ये ती बदलण्याची सोयच नसते. तुमच्या दोन्ही तक्रारींची उत्तरं पहिल्या गोष्टीत आहेत. सल्ले मात्र सगळे दुसरीबद्दल मिळतात.

हे असं का झालं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. २००६ च्या सुमाराला सोनीच्या वायो एसझेड लॅपटॉपवर एक खरंखुरं बटण होतं, एका बाजूला ‘स्टॅमिना’, दुसऱ्या बाजूला ‘स्पीड’. बटण सरकवायचं आणि लॅपटॉप रीस्टार्ट करायचा. २००८ च्या मॅकबुक प्रोमध्येही दोन चिपा होत्या, पण बदल करायला लॉगआउट व्हावं लागायचं. इतका उपद्व्याप कोण करणार? लोक एकदा एका बाजूला ठेवायचे आणि विसरून जायचे. फेब्रुवारी २०१० मध्ये एनव्हिडियाने ऑप्टिमस आणलं आणि हा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने सोडवला. पडद्याची तार कायम इंटेलच्या चिपला. एनव्हिडियाची चिप एरवी झोपलेली. गेम सुरू झाला की ती जागी होते, चित्र तयार करते आणि तयार झालेली प्रत्येक फ्रेम (म्हणजे एक पूर्ण चित्र) इंटेलच्या ताब्यातल्या मेमरीत उतरवते. पडद्यावर ती पाठवतो इंटेलच. तुमच्या लॅपटॉपची ‘हायब्रिड’ पद्धत म्हणजे हेच.

यावरून दोन गोष्टी लगेच कळतात. गेम एनव्हिडियावर व्यवस्थित चालू असतानाही टास्क मॅनेजरमध्ये ‘जीपीयू ०’ (जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप) म्हणजे इंटेल थोडाफार वापरात दिसणारच, कारण पडद्यापर्यंत पोचवायचं काम त्याचं आहे. तो बिघाड नाही. आणि इंटेल डिसेबल केला की पडद्याची तार ज्याच्या हातात आहे त्यालाच तुम्ही कामावरून काढलं. मग विंडोज स्वतःच्या ‘बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’वर येते, ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही, व्हिडिओ अडखळतात आणि एनव्हिडियाची चिप असून नसल्यासारखी. म्हणून तो सल्ला वाईट.

आता तुमचा गेम खरोखर कोण चालवतंय ते आधी नीट पाहा. टास्क मॅनेजर उघडा, ‘प्रोसेसेस’ किंवा ‘डीटेल्स’मध्ये ‘जीपीयू इंजिन’ हा रकाना चालू करा. गेमसमोर ‘जीपीयू १ – थ्रीडी’ दिसलं की एनव्हिडिया, ‘जीपीयू ०’ दिसलं की इंटेल. क्रमांक कधी उलटे असतात, म्हणून ‘परफॉर्मन्स’मध्ये कोणत्या क्रमांकापुढे कोणतं नाव आहे ते एकदा बघून ठेवा. वरच्या आलेखात इंटेलची रेघ हलताना पाहून निष्कर्ष काढू नका. त्या प्रोग्रॅमच्या ओळीतलं इंजिन पाहा.

इंटेलच असेल, तर इलाज विंडोजमध्येच आहे. एप्रिल २०१८ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये आणि नंतर ११ मध्ये ही सोय आहे: सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स. तिथे प्रोग्रॅमची यादी येते. हवा तो प्रोग्रॅम नसेल तर ‘ब्राउज’ करून त्याची फाइल दाखवायची आणि ‘हाय परफॉर्मन्स’ निवडायचं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्येही अशीच निवड आहे आणि जुने व्हिडिओ तीच दाखवतात. पण आता शेवटचा शब्द विंडोजचा असतो; दोन्हीकडे वेगवेगळं सांगितलं तर विंडोजचं चालतं. एकाच जागी ठरवा, विंडोजमध्ये.

बरेच जण इथपर्यंत येतात, सेटिंग बदलतात आणि ‘काही फरक नाही’ म्हणतात. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: चुकीची फाइल निवडलेली असते. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती घ्या. तुम्ही क्लिक करता तो लाँचर. तो फक्त गेम सुरू करून देतो. गेम प्रत्यक्षात चालतो ‘जावाडब्ल्यू’ नावाच्या फाइलमधून, आणि ती लाँचरच्या फोल्डरमध्ये बरीच आत दडलेली असते. लाँचरला ‘हाय परफॉर्मन्स’ देऊन काहीच होत नाही. खात्रीचा मार्ग असा: गेम चालू ठेवा, टास्क मॅनेजरच्या ‘डीटेल्स’मध्ये सगळ्यात जास्त काम करणारी ओळ शोधा, उजवं क्लिक, ‘ओपन फाइल लोकेशन’. जे फोल्डर उघडेल त्यातली ती फाइल ग्राफिक्सच्या यादीत घाला. मग गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, कारण चिपेची निवड प्रोग्रॅम सुरू होतानाच होते. चालत्या गेमवर सेटिंगचा परिणाम होत नाही. अपडेटनंतर फाइलचा पत्ता बदलला तर हे पुन्हा करावं लागेल, तेही लक्षात असू द्या.

सगळे गेम असे त्रास देत नाहीत. मोठ्या गेमचे प्रोग्रॅमर आपल्या फाइलमध्येच एक खूण ठेवतात, एनव्हिडियासाठी एक आणि एएमडी या दुसऱ्या चिप कंपनीसाठी दुसरी, आणि ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) ती वाचून मोठी चिप जागी करतो. काहींची नावं ड्रायव्हरच्या स्वतःच्या यादीत असतात. जावावर चालणारे, छोट्या गटांनी केलेले, किंवा जुने प्रोग्रॅम या दोन्हींतून सुटतात. तिथे सांगायचं काम आपलं.

सॉलिडवर्क्सचं थोडं निराळं आहे. ग्राफिक्सच्या यादीत ते घालाच, पण त्याच्या आत ‘ऑप्शन्स’मध्ये, ‘परफॉर्मन्स’ खाली, ‘यूज सॉफ्टवेअर ओपनजीएल’ अशी एक चौकट असते. तिच्यावर खूण असेल तर कुठलीच चिप वापरली जात नाही, सगळं ओझं प्रोसेसरवर. खूण काढायला आधी सॉलिडवर्क्समधल्या सगळ्या फाइली बंद करा. एक जरी उघडी असली तरी ती चौकट बदलता येत नाही. ऑटोकॅडमध्ये ‘ग्राफिक्सकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन चालू आहे का ते कळतं. द्विमितीय ड्रॉइंगसाठी मात्र इंटेलचं ग्राफिक्स पुरतं. दुसऱ्या वर्षाच्या सबमिशनला आरटीएक्स लागत नाही आणि वर्गात बॅटरीवर असताना ऑटोकॅड इंटेलवरच ठेवलेलं बरं.

कॉम्प्युटर किंवा डेटा सायन्सची मुलं आणखी एक प्रश्न विचारतात, तोही इथेच घेतो, कारण पुढच्या वर्षी तिला लागेल. ‘पायटॉर्च ग्राफिक्स कार्ड वापरत नाही, स्विच कसं करू?’ पायटॉर्च हे मशीन लर्निंगचं साधन, आणि तिथे स्विच करण्यासारखं काही नसतं. क्यूडा, म्हणजे कार्डावर गणितं चालवण्याची एनव्हिडियाची सोय, फक्त एनव्हिडियावरच चालतं, पडद्याची तार कुणाकडेही असो. विंडोजवर साध्या आज्ञेने पायटॉर्च बसवलं तर येतं ते केवळ प्रोसेसरवर चालणारं. त्यांच्या संकेतस्थळावर क्यूडाची आवृत्ती निवडून मिळणारी आज्ञा वापरली की झालं. ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्येही तसंच: ‘प्रेफरन्सेस’, ‘सिस्टम’, आणि तिथे ‘ऑप्टिक्स’ किंवा ‘क्यूडा’ निवडून कार्डाच्या नावावर खूण. हे न केल्यामुळे रात्र-रात्र प्रोसेसरवर रेंडर लावणारी मुलं पाहिली की वाईट वाटतं. महागडी चिप शेजारी रिकामी बसलेली असते.

आता बॅटरी. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा महत्त्वाचा भाग हा आहे, आणि याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं.

एनव्हिडियाची चिप काम करत नसली तरी ‘जागी’ असू शकते. टास्क मॅनेजर तिच्यासमोर शून्य टक्के दाखवतो आणि आपण समजतो झोपली आहे. शून्य टक्के काम आणि वीज बंद या वेगळ्या अवस्था आहेत. जागी राहिलेली चिप काहीही न करता काही वॅट खात राहते. हिशोब करून पाहा: बॅटरी ६० वॅट-तासांची आणि नोट्स लिहिताना सगळा लॅपटॉप मिळून ८ वॅट खातो असं धरलं, तर साडेसात तास मिळतात. त्यात जागी चिप आणि तिच्यामुळे फिरणारा पंखा यांचे १० वॅट वाढले की तीन तास वीस मिनिटं. कामात काहीच फरक नाही, बॅटरी मात्र निम्म्याहून कमी.

ती जागी आहे का हे बघायला एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या ‘डेस्कटॉप’ मेनूमधून जीपीयू अ‍ॅक्टिव्हिटीचं चिन्ह घड्याळाजवळ आणून ठेवा. चिन्ह रंगीत असेल तर जागी. त्यावर क्लिक केलं की कोणत्या प्रोग्रॅमने जागं ठेवलंय त्यांची नावंही दिसतात. दोषी बहुतेक ठरलेले असतात: हलते वॉलपेपर, कीबोर्डचे रंगीत दिवे सांभाळणारी अ‍ॅप, गेमवर दिसणारे ओव्हरले, कोणीतरी ‘हाय परफॉर्मन्स’ला टाकलेला ब्राउझर. आणि तापमान दाखवणारी अ‍ॅप, ही फार फसवतात: दर सेकंदाला चिपेला तापमान विचारतात आणि त्या विचारण्यानेच तिला झोपू देत नाहीत. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही आज्ञा दिली तरी चिप क्षणभर जागी होते, म्हणून झोप तपासायला ती वापरू नका. ब्राउझर, वर्ड, ऑनलाइन मीटिंगची अ‍ॅप यांना ग्राफिक्सच्या यादीत ‘पॉवर सेव्हिंग’ द्या. व्हिडिओ उलगडण्याचं काम इंटेलची चिप कमी विजेत छान करते. यूट्यूबसाठी आरटीएक्सला उठवायचं काही कारण नाही.

‘मग एनव्हिडियाच डिसेबल केली तर?’ हाही प्रश्न येतो. डिव्हाइस मॅनेजरमधून तसं करू नका. चिपेला झोपवतो तो तिचा ड्रायव्हर. ड्रायव्हरच काढून घेतला तर अनेक लॅपटॉपवर ती अर्धवट जागीच राहते आणि वीज खातच बसते. पूर्ण बंदच करायची तर लॅपटॉप कंपनीच्या अ‍ॅपमधून करा. आसूसच्या आर्मरी क्रेटमध्ये ‘इको’, लेनोव्होच्या व्हँटेजमध्ये ‘हायब्रिड-आयजीपीयू’, एमएसआय सेंटरमध्ये ‘इंटिग्रेटेड’ अशी नावं दिसतील, अर्थात सगळ्या मॉडेलवर सगळे पर्याय नसतात. ही सोय चिपेची वीज खरोखर तोडते. दिवसभर कॉलेजात प्लग न मिळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी यासारखा दुसरा उपाय नाही.

यात एक धोका आहे आणि तो नेमका सेमिनारच्या दिवशी उभा राहतो. पुष्कळ गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं पोर्ट थेट एनव्हिडियाच्या चिपेला जोडलेलं असतं. चिप बंद म्हणजे पोर्टही बंद. प्रोजेक्टरची केबल लावली, समोर निळा पडदा, सर वाट बघतायत, आणि मुलांना वाटतं केबल खराब. त्या दिवशी आधीच हायब्रिडवर या. याचीच दुसरी बाजू अशी की अशा लॅपटॉपला घरी एचडीएमआयवर मोठा मॉनिटर लावला की एनव्हिडिया सतत जागी राहणार, कितीही सेटिंगं केली तरी. काही मॉडेलमध्ये यूएसबी-सीचं पोर्ट इंटेलला जोडलेलं असतं. तिथून मॉनिटर चालवला तर चिप झोपू शकते. कोणतं पोर्ट कुणाचं हे एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधल्या ‘फिजएक्स’च्या पानावरच्या आकृतीत दिसतं. मॉनिटर लावून ते पान उघडा.

राहिला मक्स स्विच, ज्याच्याबद्दल सगळे व्हिडिओ असतात. पडद्याची तार इंटेलकडून काढून थेट एनव्हिडियाला जोडणारा हा मदरबोर्डवरचा भाग. फ्रेम उतरवून घेण्याची पायरीच जाते, त्यामुळे गेमचा वेग वाढतो. किती? तुमच्या पडद्याचं गणित करू. फुल एचडीची एक फ्रेम, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरून, सुमारे ८.३ मेगाबाइट. सेकंदाला १४४ फ्रेम म्हणजे साधारण १.२ गिगाबाइट. तुमच्या कार्डाचा मार्ग पीसीआय एक्सप्रेस ४.० चा आठ पदरी, त्यातून एका दिशेने सेकंदाला पंधरा गिगाबाइटहून जास्त जाऊ शकतं. म्हणजे मार्ग तुंबत नाही. खर्च होतो तो प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या जास्तीच्या क्षणाचा, आणि मुख्य मेमरीवर पडणाऱ्या ताणाचा. जिथे फ्रेम मुळात भराभर निघतात, म्हणजे व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइकसारख्या खेळांत, तिथे फरक चांगला जाणवतो. जड गेम साठ-सत्तर फ्रेमवर चालत असेल तर फार थोडा.

म्हणून मक्सच्या आधी मेमरी बघा असं मी सांगेन. इंटेलच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते लॅपटॉपच्या रॅममधूनच घेतं. आपल्याकडे विकले जाणारे बरेच लॅपटॉप ८ किंवा १६ जीबीच्या एकाच पट्टीवर येतात आणि दुसरा खाचा रिकामा असतो. एका पट्टीवर मेमरीचा मार्ग अर्धाच उघडा राहतो. त्याच प्रकारची दुसरी पट्टी टाकली की इंटेलवर चालणारं काम सुधारतं, हायब्रिडमधले गेमही सुधारतात. मक्स नसलेल्या लॅपटॉपवर तर पैसे घालायला याहून चांगली जागा नाही.

तुमच्या मॉडेलमध्ये मक्स असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ‘डिस्क्रीट’, ‘डीजीपीयू’ किंवा आसूसवर ‘अल्टिमेट’ असं दिसेल. निवडल्यावर रीस्टार्ट मागेल. घरी प्लगला लावून तासभर खेळायचं असेल तेव्हा वापरा. जी-सिंकची (पडदा आणि फ्रेम यांचा वेग जुळवण्याची) सोय असलेल्या पडद्यावर तीही तेव्हाच चालते. खेळून झालं की हायब्रिडवर परत या, कारण या अवस्थेत एनव्हिडियाला झोप नाहीच. बायॉसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन हे बदलत असाल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की आधी फोनमध्ये उतरवून ठेवा. असे बदल केल्यावर कधीकधी ती मागितली जाते आणि हाताशी नसेल तर स्वतःच्याच फाइली बंद होतात. २०२० पासून काही लॅपटॉपमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्टिमस’ येतं, त्यात तार रीस्टार्ट न करता बदलते, पडदा सेकंदभर थबकतो इतकंच. एएमडीने २०२२ मध्ये असंच ‘स्मार्टअ‍ॅक्सेस ग्राफिक्स’ आणलं.

घरात कुणी व्हिडिओ एडिटिंग करत असेल तर एक सावधगिरी. वर सांगितलेल्या ‘डिस्क्रीट’ अवस्थेत बऱ्याच लॅपटॉपवर इंटेलचं ग्राफिक्स पूर्ण नाहीसं होतं आणि त्याच्याबरोबर क्विक सिंक ही त्याची व्हिडिओ उलगडण्याची सोयही. चांगल्या कॅमेऱ्यांचं १० बिट ४:२:२ एचईव्हीसी (रंगांची जास्त माहिती असलेलं) फुटेज इंटेल ११व्या पिढीपासून सहज उलगडतो. आरटीएक्स ४०५० ला ते जमत नाही, एनव्हिडियाने ती सोय आरटीएक्स ५० मालिकेत दिली. म्हणजे अशा एडिटिंगला हायब्रिडच वेगवान. जास्त ताकदीची चिप एकटी ठेवली म्हणजे सगळं वेगात होईल, ही समजूत इथे सपशेल पडते.

लिनक्सचं तुम्ही विचारलेलं नाही, पण इंजिनिअरिंगला आहे म्हणजे कधीतरी उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकेलच. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा निर्माता लिनस टोरवाल्ड्‌सने एनव्हिडियावर जाहीर राग काढला होता, तो याच ऑप्टिमसच्या प्रश्नावर. तेव्हा लिनक्सवर हे प्रकरण खरंच वाईट होतं. आता ‘प्राइम-सिलेक्ट’ या आज्ञेने ‘ऑन-डिमांड’ निवडायचं की हायब्रिडसारखंच चालतं, आणि ग्नोम या तिथल्या डेस्कटॉपमध्ये प्रोग्रॅमच्या चिन्हावर उजवं क्लिक केलं की वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर सुरू करण्याचा पर्याय मिळतो. आरटीएक्स कार्डं वापरात नसताना आपोआप झोपतातही.

तर तिच्या लॅपटॉपवर आज संध्याकाळी करायचं ते असं. इंटेल डिसेबल केलेला असेल तर परत एनेबल. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये हायब्रिड. माइनक्राफ्टची खरी फाइल आणि सॉलिडवर्क्स ‘हाय परफॉर्मन्स’ला, ब्राउझर आणि ऑफिस ‘पॉवर सेव्हिंग’ला. बॅटरीवर पडदा ६० हर्ट्‌झवर ठेवला तर तिथेही थोडी वीज वाचते. बॅटरीवर गेम मंदच चालेल, ती सेटिंगची चूक नाही. प्लग काढला की चिपेची वीज मुद्दाम कमी केली जाते, आणि एनव्हिडियाचं बॅटरी बूस्ट चालू असेल तर फ्रेमही ३० वर अडवल्या जातात.

मग चार्जर काढून, फक्त ब्राउझर उघडा ठेवून, दहा मिनिटांनी वीज किती जाते ते ‘बॅटरी इन्फो व्ह्यू’ या छोट्या अ‍ॅपमध्ये बघा. ते एनव्हिडियाला हात लावत नाही, म्हणून आकडा खरा मिळतो. ८ ते १२ वॅटच्या आत असेल तर काम झालं. त्याहून बराच जास्त असेल तर घड्याळाजवळच्या चिन्हात कुणाचं नाव आहे ते पाहा. आणि आकडा कमी असूनही बॅटरी टिकत नसेल, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ची बॅटरी रिपोर्टची आज्ञा देऊन ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ शेजारी ठेवून बघा. दुसरा आकडा पहिल्याच्या साठ-सत्तर टक्क्यांवर आलेला असेल तर बॅटरी झिजली आहे, आणि ती वॉरंटी असेतो दाखवून घ्या.